वॉल्टच्या कॉर्नब्रेडमधली साखर

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या टॅलोवा गावात रविवारी दुपारी जेवायला टेबल मिळणं देवाच्या हातात नसतं, पास्टरच्या हातात असतं. त्यांचं प्रवचन लांबलं की बॅप्टिस्ट चर्चची मंडळी आमच्याआधी सुटतात, 'पिकेट्स' हॉटेलातली सगळी टेबलं बळकावतात आणि आम्ही मेथडिस्ट फुटपाथवर घाम पुसत उभे राहतो. चर्चमध्ये ऑर्गन मी वाजवते, त्यामुळे अर्ध्या शिव्या माझ्याही वाट्याला येतात.

'पिकेट्स'च्या बरोबर समोर माझ्या भाचीचं, रोझलिनचं, हॉटेल आहे. तिथेही तेच जेवण असतं: तळलेलं चिकन नाहीतर खिम्याचा भाजलेला मीटलोफ, सोबत तीन भाज्या, बर्फ घातलेला गोड चहा. पण तिथे रांग लागत नव्हती. रांग कसली, माश्यासुद्धा समोरच जात होत्या. रोझलिन वाढली दूर उत्तरेत, ओहायोत. माझी बहीण लग्न करून तिकडे गेली ती गेलीच. बहीण वारल्यावर रोझलिन नवऱ्याला, वॉल्टला, घेऊन आईच्या गावी आली आणि दोघांनी हे हॉटेल थाटलं. उन्हाळा संपेपर्यंत जम बसला नाही तर परत जायचं असं त्यांचं ठरलं होतं. मला दुसरं कोणी नाही. ती गेली असती तर माझ्या दारावर हाक न मारता आत येणारं कोणी उरलं नसतं.

"मावशी, येतो तो 'वा, किती छान' म्हणतो," रोझलिन मला विचारायची, "मग परत का येत नाही गं?"

काय सांगू तिला? आमच्याकडे परक्या माणसाला तोंडावर कधी वाईट बोलत नाहीत. पाठ वळली की उसासा टाकून "देव तिचं भलं करो" म्हणतात, आणि हे एकदा म्हटलं की समजावं, कारभार आटोपला.

सगळा घोळ वॉल्टच्या कॉर्नब्रेडचा होता. मक्याच्या पिठाचा हा ब्रेड तो स्वतः भाजायचा, आजीच्या रीतीने, मूठभर साखर घालून. आता आम्ही चहात साखर ओततो ती बघून कुणालाही धडकी भरेल, पण कॉर्नब्रेडमध्ये साखर? त्यापेक्षा चर्चमध्ये अनवाणी आलेलं चालेल. मी दोनदा त्याला सांगायला तोंड उघडलं. टोपली हातात धरून तो असा काही हसत उभा होता की मी तोंड मिटलं आणि खाल्लं.

शेवटी ऑगस्टातल्या एका रविवारी मीच डाव टाकला. शेवटच्या भजनाची एकूण एक कडवी वाजवली, आणि तीही बैलगाडीच्या चालीने. पास्टर माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. मी मान वर केली तर ना! बाहेर आलो तेव्हा 'पिकेट्स'ची रांग बँकेच्या कोपऱ्यापर्यंत पोचली होती आणि उन्हाने डांबर मऊ झालं होतं.

"मी तर बाई समोर जाते," मी मोठ्याने म्हटलं. "तिथे एसी आहे."

मिस विल्मांनी हॅट सावरली आणि त्या माझ्यामागे निघाल्या. मिस विल्मा जिथे बसतात तिथे आमचं अख्खं चर्च बसतं.

रोझलिनचा चेहरा उजळला. वॉल्ट टोपली घेऊन टेबलाटेबलाला फिरला. "माझ्या आजीच्या हातचा आहे, म्हणजे तिच्या पद्धतीचा!"

"अय्या, किती सुंदर!" सगळे म्हणाले. तो वळला मात्र, पर्सची झाकणं खटाखट उघडली. कॉर्नब्रेड कागदी रुमालात गुंडाळून आत. रिटायर झालेल्या टॉलिव्हर जज्जसाहेबांनी तर कोटाच्या खिशात घातला. वॉल्ट परत आला, बघतो तर बशा रिकाम्या. बिचाऱ्याने आनंदाने पुन्हा भरल्या. पुन्हा खटाखट. मिस विल्मांची पर्स आता कशीबशी मिटली.

"रोझ, बघ गं!" वॉल्ट ओरडला. "सगळ्यांनी दोन-दोन खाल्ले! उद्यापासून दुप्पट करतो."

माझं डोकंच फिरलं.

"मिस विल्मा, पर्स उघडा," मी म्हणाले.

त्यांनी उघडली नाही, तेव्हा मीच हात घालून दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले. "वॉल्ट, बाळा, यात साखर आहे. इथे कोणी घालत नाही. म्हणून लोक परत येत नाहीत. आणि हे तुला सांगायची आमच्यातल्या एकाचीही छाती झाली नाही. माझीसुद्धा."

वॉल्ट टोपली मांडीवर घेऊन खुर्चीत बसला. स्वयंपाकघराच्या दारातून रोझलिन म्हणाली, "मग इतके दिवस छान छान कशाला म्हणत होता?"

"अगं, तोंडावर कसं बोलायचं?" जज्जसाहेब खिसा झाकत म्हणाले. "तुम्ही पाहुणे."

"आम्ही तिकडचं घर विकून आलोय, साहेब," वॉल्ट म्हणाला. "पाहुणे कधीपर्यंत?"

मला रडू आलं. मग मिस विल्मा उठल्या, हॅट काढून खुर्चीवर ठेवली. घराबाहेर ही बाई कधी हॅट काढत नाही.

"चल, स्वयंपाकघर दाखव. बिडाचा तवा तरी आहे का?"

"आहे."

"ताक? डुकराची चरबी?"

"चरबी आधी तव्यात तापवायची हं!" मागून कोणीतरी ओरडलं. "पिवळं पीठ नको, पांढरं!" "अहो, तुमच्या आईचा ब्रेड दगडासारखा असायचा, तुम्ही शिकवू नका!" पाचच मिनिटांत अख्खं चर्च भांडत होतं. जज्जसाहेबांनी हळूच खिशातला तुकडा काढून चावला. "केक म्हणून बरा आहे की! वर पीच घालून आण, मी खातो."

पुढच्या रविवारी मी भजन नेटकं वाजवलं, एकही कडवं लांबवलं नाही. 'पिकेट्स'मध्ये जागा होती. तरी अर्धी टेबलं रोझलिनकडे भरली. मी चहाचा जग घेऊन फिरत होते तेवढ्यात मिस विल्मांनी साऱ्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली.

"रोझलिन! भेंडी चिवट आहे, आणि पालेभाजीत मीठ विसरलीस. अशाने कसं चालेल, पोरी?"

रोझलिन आत पळाली. मी जग तिथेच ठेवून मागे धावले. ती ॲप्रनने डोळे पुसत होती.

"मावशी, ऐकलंस?" ती म्हणाली. "त्या मला तोंडावर ओरडल्या!"

आणि हसतच तिने नवी भेंडी चिरायला घेतली.