खुराड्याचा कोट

मित्रांनो, मी एक जुने खुराडे आहे, आणि मला या जन्मात कधी स्वस्थ उभे राहता आलेले नाही. माझा मागचा एक पाय आखूड आहे. आत कोंबडी नुसती वळली तरी मी डुगडुगते. त्यात स्वभाव काळजीखोर. झडप नीट लागली का, पाणी सांडले का, सगळ्याजणी दांड्यावर चढल्या का, दिवस मावळला की हा घोर सुरू झालाच म्हणून समजा.

पूर्वी मी कपाट होते, चांगले आरशाचे. घरात सून आली, तिच्याबरोबर नवे कपाट आले आणि माझी रवानगी परसात झाली. मी तिथेच कुजायचे, पण सासरेबुवा सुतार. त्यांनी मला कमरेतून कापून बुटके केले आणि खाली पाय ठोकले. ज्या खणांत कधी शालू असायचे त्यांत भुसा भरून अंडी घालायच्या जागा केल्या. बसायचा दांडा रंधून गोल केला, कोंबड्यांच्या पायांना टोचू नये म्हणून. आणि छपराखाली चार बोटांची फट मुद्दाम ठेवून तिच्यावर बारीक जाळी मारली. त्या फटीतून मी श्वास घेत असे. आतली दमट हवा बाहेर, बाहेरची कोरडी आत.

सून शिंपीण होती. सगळे तिला काकू म्हणत. नवरा मालवाहू ट्रकवर, महिना-महिना बाहेर. घरात सासरा, सून आणि कोंबड्या. मका भरडणे, भाजीचे देठ चिरणे, अंड्यांची टरफले टणक व्हावीत म्हणून शिंपले कुटून घालणे, हे सगळे काकू करायच्या. ओला भुसा काढून कोरडा पसरायचे काम बाबांचे, म्हणजे सासऱ्यांचे.

एकदा शेजारचा बेकरीवाला कोंबडा बदलून न्यायला आला. एकाच घरचा कोंबडा वर्षानुवर्षे ठेवला की पिल्ले अशक्त निपजतात, म्हणून ही अदलाबदल चालायची. त्याच्यादेखत काकू हसत म्हणाल्या, "सुताराच्या घरचं खुराडं, आणि छपराला फट!" बेकरीवाला पोट धरून हसला. बाबांच्या मात्र ते जिव्हारी लागले. त्या दिवसापासून त्यांनी सुनेशी अबोला धरला. पण बोलल्याशिवाय घर चालते होय? मग ते परसात येऊन कोंबड्यांना सांगत, सांगा गं तुमच्या मालकिणीला, चहा बिनसाखरेचा होता. काकू मोरीतूनच कोंबड्यांना उत्तर देत, की सांगा गं त्यांना, साखर डॉक्टरांनी बंद केलीय. दोघांचेही कान शाबूत होते. कोंबड्या आपल्या मका टिपत राहायच्या, आणि मी मधल्यामध्ये कुरकुरायचे.

नवा कोंबडा भलताच भांडकुदळ निघाला. माझ्या दारावरच्या आरशात त्याला दुसरा कोंबडा दिसे आणि तो दिवसभर त्याच्यावर धावून जाई. काकूंनी आरशाला फुलाफुलांचा पडदा शिवला. कोंबडा गप्प झाला. सगळ्या गल्लीने वाहवा केली, आणि काकूंना वाटू लागले की शिवणाने काहीही बरे होते. तिथेच सगळे बिनसले.

त्या साली थंडी कडक पडली. बाबा स्टुलावरून पडून पाय मोडून बसले होते. पायाला प्लास्टर, खाट खिडकीशी. इकडे ठिपकी नावाची कोंबडी खुडूक झाली होती, अंडी उबवायला बसली होती. एकदा का कोंबडी खुडूक झाली की तिला अंड्यांवरून उठवणे कठीण. काकूंनी निवडून निवडून मध्यम आकाराची अंडी तिच्याखाली बसवली. ठिपकी बाबांची लाडकी. तिची पिल्ले निघाली की म्हातारा हसेल, बोलेल, अशी काकूंची आशा. बोलून दाखवली नाही, पण अंडी ठेवताना त्यांचा हात किती जपून येत होता, ते मला कळत होते.

म्हणून त्यांनी मला कोट शिवला. हसू नका, मित्रांनो. जाड गोधडीचे कापड, आत कापूस, कडेला गोठ, समोर बटणे. टेप लावून माझी मापे घेतली. कोट असा चपखल बसला की सुई शिरायला जागा नाही. फटसुद्धा झाकली गेली. कोंबड्यांना थंडी बाधू नये म्हणून त्यांना दिवसभर आतच ठेवले.

पहिल्या दिवशी मलाही ऊब बरी वाटली. मग माझा जीव घुसमटू लागला. छपराला आतून पाणी सुटले, दांड्यावर थेंब पडू लागले. विष्ठेच्या उग्र वासाने कोंबड्यांचे डोळे चुरचुरत. पांढरी कोंबडी शिंकू लागली. काकूंना वाटले, गारठली बिचारी. त्यांनी कोटाला आतून आणखी एक अस्तर लावले. मी डुगडुगले, कुरकुरले, जेवढा आवाज करता येईल तेवढा केला. काकू म्हणाल्या, खुराडंसुद्धा कुडकुडतंय.

बाबा खिडकीतून सगळे ऐकत होते. शिंका कशाच्या, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळले असणार. पण सांगायचे कोणाकरवी? निरोप नेणाऱ्या कोंबड्या सगळ्या माझ्या पोटात कोंडलेल्या! दोनदा त्यांनी तोंड उघडले आणि मिटले. खाट मात्र सारखी करकरत होती.

मग एका सकाळी काकूंनी बटणे काढली, तर पांढरी दांड्याखाली निपचित पडलेली. काकू तिला मांडीवर घेऊन तिथेच रडत बसल्या. आत ठिपकी चोच उघडी टाकून धापा टाकत होती, पण अंड्यांवरून हलत नव्हती.

आणि मागून प्लास्टरचा पाय फरफटल्याचा आवाज आला. बाबा भिंत धरून परसात आले होते.

"सूनबाई, कात्री आण."

किती दिवसांनी हाक आली होती.

"आधी आत हात घाल. छपराला लाव."

काकूंचा हात ओला होऊन बाहेर आला.

"ती फट चुकून राहिली नव्हती गं. मापून ठेवली होती."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत, बाबा?"

बाबांनी भिंतीला टेकून हात पुढे केले आणि पांढरीला आपल्याकडे घेतले. काकूंनी कात्री आणली. इतक्या मायेने शिवलेला कोट त्यांनी स्वतःच्या हाताने फटीच्या रेषेत टरटर कापला. हवा आत आली. मी असा श्वास घेतला की चारी पायांवर हलले.

पुढे अंडी फुटली. सगळी नाही, काही तशीच थंड राहिली. पण ठिपकीच्या पंखांखालून पिवळी डोकी बाहेर आली तेव्हा सासरा-सून शेजारी शेजारी बसून कोणाची चोच कशी आहे यावर वाद घालत होते, एकमेकांशी, तोंडाने.

मित्रांनो, तुम्हीही कोंबड्या पाळा, त्यांना ऊब द्या, कोरडा भुसा द्या. पण माया करताना एक फट मोकळी ठेवा. आणि घरात कोणी शिंकत असेल, तर मधे कोंबड्या शोधू नका.

आता मी फार जुने झाले आहे. आरसा फुटला, कोटाच्या चिंध्या झाल्या. बाबाही राहिले नाहीत. काकू अजून रोज संध्याकाळी माझ्या फटीवरून हात फिरवतात, ती मोकळी आहे ना ते बघतात. ठिपकीच्या नातींना आत घेतात, झडप लावतात. आणि मग खाली वाकून, जाळीला तोंड लावून हळूच म्हणतात,

"सांगा गं त्यांना, आज चहात साखर घातलीय."