तार काढलेली रायफल

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे, आणि मला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा मला आधी संशय येतो. हा स्वभाव चांगला नाही, मला माहीत आहे. पण माझी हकिकत ऐकलीत तर तुम्ही मला दोष देणार नाही.

माझा जन्म बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत झाला. सुरुवातीला मी गोळ्या झाडल्या. नळी झिजली तेव्हा मला वेगळे काम मिळाले. माझ्या तोंडावर लोखंडी पेला बसवून सैनिक हातबॉम्ब दूर फेकू लागले. त्या दणक्याने मी फुटलेच, तर तुकडे उडू नयेत म्हणून माझ्या अंगाभोवती तांब्याची तार घट्ट गुंडाळली गेली. ती तार शोभेची नव्हती. हिच्यातून पुन्हा गोळी झाडू नका, असा तो इशारा होता. दणके सोसता सोसता, काडतूस बसते त्या जागी माझ्या पोलादाला केसासारखी भेग गेली. ती कुणालाच दिसली नाही.

पुढे सैन्याला नकोशा झालेल्या मालाबरोबर मी जहाजातून अमेरिकेत आले. तिथे एक हसतमुख विक्रेता भेटला. त्याने माझ्या पाठीवर प्रेमाने थाप मारली आणि पकडीने माझी तार सोलून काढली. तार असलेली बंदूक डागडुजी केलेली वाटते, गिऱ्हाईक मागे फिरते, असे त्याचे मत होते. लाकडावरचे वळ त्याने पॉलिशखाली झाकले. तेव्हापासून हसऱ्या माणसांवर माझा विश्वास उरला नाही.

मला विकत घेतले ओहायोतल्या डब्लिनच्या डॉक्टर दिगंबर यांनी. ते हृदयरोगतज्ज्ञ, आता निवृत्त. त्यांच्या तळघरात जुनी हेल्मेट, पाण्याच्या बाटल्या, पदके मांडलेली होती. तेही संशयी होते. भिंगातून माझा एकेक शिक्का तपासून ते पुटपुटले, "नकली नाही." मी खरी आहे का, हे त्यांनी पाहिले. मी धडधाकट आहे का, हे पाहायचे या हृदयाच्या डॉक्टरला सुचले नाही.

खंडेनवमीला त्यांनी चौरंगावर मला ठेवले. शेजारी त्यांचा स्टेथोस्कोप आणि त्यांची पत्नी सुमेधा यांची सुरी-कात्री. पाण्याने मी गंजेन म्हणून त्यांनी कुंकू बंदुकीच्या पातळ तेलात कालवले आणि माझ्या पोलादावर ठसठशीत टिळा ओढला.

"उद्या दसरा. उद्या नेमबाजीच्या रेंजवर हिची पहिली गोळी मी झाडणार!" ते म्हणाले.

मला आवाज असता तर मी ओरडले असते.

त्यांची मुलगी अंतरा विमानाचे सुटे भाग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. ती छोटा टॉर्च घेऊन माझ्यावर वाकली. मला वाटले, हिला बंदुका आवडत नाहीत, ही आता मला भंगारात घालणार.

"बाबा, या लाकडावर स्ट्राइप्स का आहेत? एकसारख्या अंतरावर? समथिंग वॉज रॅप्ड हिअर, काहीतरी गुंडाळलेलं."

"झालं सुरू! तुला माझा छंद बंद पाडायचाय, एवढंच."

"अहो, तिचं ऐका तरी," सुमेधाकाकू म्हणाल्या. काकू म्हणायची सवय मला त्यांच्या पाहुण्यांमुळे लागली.

"तू तिचीच बाजू घेणार. मागे हिने हेल्मेटच्या रंगाचीसुद्धा लेड टेस्ट केली होती, शिसं आहे का म्हणून!"

"अँड इट वॉज पॉझिटिव्ह, बाबा."

डॉक्टर चिडले. रेंजवर न्यायचे म्हणून त्यांनी फडक्याने माझा टिळा खसाखसा पुसायला घेतला. सगळे कुंकू निघाले. एक बारीक लाल रेघ मात्र राहिली. त्यांनी पुन्हा पुसले. रेघ तशीच.

अंतराचा आवाज एकदम बदलला. "थांबा. पुसू नका. आई, टाल्कम पावडरचा डबा दे ना."

तिने माझ्यावर पांढऱ्या पावडरीचा पातळ थर पसरला. हळूहळू पांढऱ्यावर लाल रेघ उमटली, वाकडी, काडतुसाच्या जागेपासून मागे गेलेली.

"लॅबमध्ये आम्ही हेच करतो. रंग भेगेत शिरतो, पावडर त्याला परत बाहेर ओढते. बाबा, उद्या तुमचा गाल इथे टेकला असता."

डॉक्टरांनी नकळत गालाला हात लावला. मग ते खुर्चीत बसले.

"आणि मी तुझ्यावरच संशय घेत होतो," ते म्हणाले.

मित्रांनो, मीही तेच करत होते.

आता मी तळघराच्या भिंतीवर आहे. अंतराने जुने फोटो पाहून माझ्याभोवती नवी तांब्याची तार गुंडाळली आहे. माझ्यातून कुणी गोळी झाडत नाही, आणि मला त्याचे दुःख नाही. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू आली, तर तिच्यावरची खूण पुसून तिला सुंदर करू नका. ती खूण तिथे का आहे, हे आधी विचारा. आम्हाला बोलता येत नाही. खुणाच आमच्या वतीने बोलतात.

परवाच्या खंडेनवमीला डॉक्टरांनी पुन्हा तेलात कुंकू कालवले. मी वाट पाहत होते. त्यांनी पहिला टिळा अंतराच्या छोट्या टॉर्चला लावला.