रिकामे सापळे

सापळे रिकामे निघाले की घरात सगळ्यात आधी माझा जीव भांड्यात पडायचा. सापळ्यात पतंग सापडले तर फवारणी, आणि फवारणी झाली की माझ्या लेकीचा श्वास अडकणार, हे ठरलेलंच. घर बागेच्या अगदी मधोमध. गेल्या वर्षी दारं-खिडक्या लावूनही पोर निळी पडली होती. पुन्हा असं झालं तर माझ्याकडे वेळ घालवू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सापळे म्हणजे पुठ्ठ्याची छोटी त्रिकोणी छपरं. तळाला चिकट कागद, वर आतल्या बाजूला अडकवलेली रबराची इवलीशी गोळी. तिला मादी पतंगाचा वास असतो. नर बिचारे नवरी बघायला म्हणून येतात आणि तिथेच चिकटून बसतात. त्यांच्या गर्दीवरून सफरचंदावर अळी कधी पडणार ते कळतं. नवऱ्याने सापळे टांगले, आणि रोज बघायचं काम माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, मागून घेतलं. मला नवलच वाटलं, कारण असल्या खेळण्यांचा त्यांना भारी तिटकारा.

सकाळी ते चिकट कागद आणून नवऱ्यासमोर धरायचे. त्यावर माश्या असायच्या, एखादा मुंगळा असायचा. पतंग नाही. आजूबाजूच्या बागांतून फवारणीच्या पंपांचे आवाज यायला लागले तशी नवऱ्याची झोप उडाली. सगळ्यांकडे आहेत, आपल्याकडेच कसे नाहीत, असं तो जेवताना म्हणत राहायचा. पतंगांनी आपल्याला वाळीत टाकलं असेल, मी म्हटलं. कुणी हसलं नाही. अण्णांनी तर ताटातून मान वर केली नाही. लेक मात्र अंगणभर पळत होती, धाप न लागता.

एका संध्याकाळी उजेड कमी व्हायला लागला तेव्हा मी ओसरीवर आले. अण्णा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. त्यांच्या जाकिटावर काहीतरी हलत होतं. वाळकी पानं असतील असं वाटलं, पण ते पतंग होते. करडे, पंखांच्या टोकांना तांबूस डाग. खिशाच्या तोंडाशी त्यांची नुसती रेटारेटी चालली होती. एक अण्णांच्या हनुवटीवरून चालत ओठांपर्यंत गेला, तरी ते हलले नाहीत. अण्णा गेले, असंच मला वाटलं.

मी हाक मारली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. हात आधी खिशावर गेला.

खिशात सगळ्या सापळ्यांतल्या गोळ्या होत्या.

“टाकवल्या नाहीत गं,” ते म्हणाले. “पोरीची छाती जरा सुधारली की परत लावणार होतो.”

वाकडे खिळे ठोकून सरळ करून ठेवणारा माणूस तो. मला त्यांचा संताप आला, आणि त्याच वेळी त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. पण गप्प बसण्यासारखं हे नव्हतं. मी नवऱ्याला बोलावलं.

जवळच्या झाडाची लिंबाएवढी सफरचंदं तोडून त्याने पायरीवर ठेवली आणि चिरायला घेतली. पहिल्यात बियांपाशी गुलाबीसर अळी होती. दुसऱ्यातही. तिसरं त्याने चिरलंच नाही. सालीवरचं भोक आणि त्यातून आलेला भुसा बाहेरूनच दिसत होता.

“आत शिरलेल्या अळीला औषध पोचत नाही,” तो म्हणाला. “आता हिची पिलावळ निघेल. वेळेवर मारलं असतं तर थोडक्यात भागलं असतं. आता तोडणीपर्यंत मारत राहायचं.”

“आणि पोर?” अण्णांनी विचारलं.

नवऱ्याने चाकू पँटला पुसला आणि पंपाच्या खोलीकडे गेला.

मी आत जाऊन लेकीची बॅग भरायला घेतली. मावशीकडे किती दिवस राहायचं, तिने विचारलं. थोडे दिवस, मी म्हटलं, आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून तिचा स्वेटरही काढला. तिने ते पाहिलं.

अण्णा आत आले. जाकीट त्यांनी बाहेरच काढून ठेवलं होतं. खाटेवर तिच्याशेजारी बसून ते गोळ्या हाताळलेला तोच हात तिच्या केसांवरून फिरवत राहिले. थोड्या वेळाने उघड्या खिडकीतून एक पतंग आला आणि तिच्या केसांत शिरला. मग दुसरा. तिला गंमत वाटली, ती हसायला लागली.

तेवढ्यात बाहेर नवऱ्याने पंप चालतो का ते बघण्यासाठी तो सुरू केला. आवाज ऐकला आणि पोरीने हसणं थांबवून सवयीने नाकावर हात धरला.