खिशातला रोटर

मिस्त्रीला साडूचं बरं झालेलं बघवायचं नाही. तोंडानं तो हे कधी कबूल करायचा नाही, पण सासुरवाडीत सगळ्यांना ते ठाऊक होतं.

तीस वर्षं जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेली, तरी डॉक्टरीणबाईंच्या गाडीची डिस्ट्रिब्युटर कॅप काही त्याला सापडली नाही. चारी प्लगांना ठिणगी वाटून देते ती टोपी. तिला तडा गेला आणि गाडी उभीच राहिली. दोन वर्षं त्यानं एकही भंगारवाला सोडला नाही. आणि मिळाली कुणाला? तर साडूला, जो खुर्च्या विकतो! एका बंद गॅरेजातून जुन्या खुर्च्या उचलायला गेला, तिथं डब्यात कोरी टोपी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

टोपीचं एवढं काही नव्हतं हो, जीव अडकला होता तो बाईंच्या घरातल्या कपाटात. बाईंच्या यजमानांनी, कैलासवासी डॉक्टरांनी, हौसेनं जमवलेल्या जुन्या कॉइल, डायनॅमो, मॅग्नेटो, सगळं न उघडलेल्या खोक्यांत. गाडी जो चालू करील त्याला कपाट, असा बाईंचा शब्द होता.

"बसवायचं मला जमायचं नाही, साडूभाऊ. तुम्हीच हात लावा," साडू म्हणाला आणि बाईंना बोलवायला आत गेला.

मिस्त्रीनं फुटकी टोपी काढली. आत बोटभर रोटर होता, नुसता वरून बसवलेला. फिरत फिरत ठिणगी पोचवतो तो हाच. मिस्त्रीनं तो उचलून खिशात टाकला आणि नवी टोपी वरून लावली. आता साडूच्या हातून गाडी चालू व्हायची नाही, म्हणून त्याला बरं वाटलं.

साडू बाईंना घेऊन आला आणि त्यानं सेल्फ मारला. इंजिन नुसतं कुंथलं. पुन्हा मारला, तेच.

"टोपीच खराब," मिस्त्री म्हणाला. "भंगार ते भंगारच."

साडूचा चेहरा पडला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आत रोटर आहे का बघा. आमचे हे रोज रात्री तो काढून खिशात ठेवायचे, गाडी कुणी पळवू नये म्हणून."

साडूनं टोपी उघडली. आत रिकामं.

"एवढंच ना? साडूभाऊंकडे असेल एखादा," तो हसला. "त्यांच्या खिशात सगळं असतं."

आता काय करणार? मिस्त्रीनं खिशात हात घातला आणि रोटर पुढे केला. बाईंनी तो उलटा करून पाहिला. खाली नेलपॉलिशचा लाल ठिपका होता, ओळखू यावा म्हणून त्यांनीच लावलेला. त्यांनी ठिपक्याकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे, आणि रोटर परत दिला.

पहिल्याच सेल्फला गाडी चालू झाली. साडू पोरासारखा गाडीभोवती फिरू लागला.

बाईंनी पर्समधून कपाटाची किल्ली काढली. "काल तुमचे साडू म्हणाले, मला त्यातलं काय कळतंय, कपाट साडूभाऊंना द्या. म्हणून तुमच्यासाठी आणली होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि किल्ली परत पर्समध्ये टाकली.

दैव देतं आणि कर्म नेतं. साडूला यातलं काहीच कळलं नव्हतं. बॉनेटवर हात ठेवून तो इंजिनचा आवाज ऐकत हसत होता, आणि मिस्त्रीला आता त्या हसण्याचाही हेवा वाटत होता.