मागची सीट

रशीदने सीट उचलून गाडीच्या मागच्या जाळीवर ठेवली, बोल्टची भोकं जुळतात का ते एक डोळा मिटून पाहिलं आणि पृथ्वीराजकडे वळून म्हणाला,

“बसा.”

“मी कशाला? आबांसाठी हाय ती.”

“आबा इथं न्हाईत म्हणून तर तुम्हाला म्हणतोय. वजन कुठं पडतंय ते तरी कळू द्या.”

पृथ्वीराज चढला. चढताना त्याला दांडा धरून अंग वर ओढून घ्यावं लागलं, पण तिकडे त्याने काणाडोळा केला. सीट झकास होती. भंगारातल्या एका मोटारीची, नवं कव्हर घातलेली. पाठीला टेकू, दोन्ही बाजूंना हात टेकवायला दांडे आणि कमरेला पट्टा. शिक्रापूरच्या चौकाकडून ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते आणि रशीदच्या गॅरेजच्या दारात पृथ्वीराज वरातीतल्या नवरदेवासारखा उंच बसला होता.

“सत्याच्या गाडीला हाय का असली सीट?” त्याने विचारलं.

“त्याच्या गाडीला मागं नुसती गादी हाय.”

पृथ्वीराजच्या जिवाला जरा गार वाटलं.

ही गाडी म्हणजे मोटारसायकल आणि ट्रॅक्टर यांच्या मधलं काहीतरी. चार रुंद चाकं आणि धरायला हँडल. शोरूमवाले तिला एटीव्ही म्हणतात. वडगाव रासाईत तिचं नाव ‘चार चाकाची फटफटी’. गावात पहिली फटफटी आणली ती पृथ्वीराजच्या चुलत भावाने, सत्यजीतने. दौंडकडचं एक पर्यटन केंद्र बंद पडलं, तिथून त्याने ती जुनी, रंग उडालेली गाडी उचलली आणि रशीदकडून तिचं इंजिन बांधून घेतलं. सगळे हसले होते. पृथ्वीराज सगळ्यांत मोठ्याने हसला होता.

मग गेल्या साली त्याच्या वडिलांना, पोपटराव आबांना, लकवा झाला. उजवी बाजू गेली. पाय काठीच्या आधाराने परत आला, हात मात्र अर्धाच आला. आबांचं सगळं रान भीमेच्या काठाला. पाटाचं पाणी सुटलं की वाटेवरच्या काळ्या मातीत माणसाची चप्पल राहते, तिथे काठी टेकत कोण जाणार? ट्रॅक्टरवर चढणं जमेना. आबा ओसरीवर बसून भिंतीकडे बघायला लागले. तेव्हा सत्यजीतने त्या बुटक्या गाडीवर त्यांना मागे बसवलं आणि रोज सकाळी रानातून फिरवून आणायला सुरुवात केली. महिन्याभरात आबांच्या तोंडावर रया आली.

पृथ्वीराज कारेगावला राहायचा. रांजणगावच्या कंपन्यांना कामगार पुरवायचं त्याचं काम. रविवारी तो फळं आणि औषधं घेऊन गावी जायचा, आणि आबा त्याला सांगायचे, सत्यानं ठिबक बदललं, सत्या म्हणला तुरीत कीड हाय, सत्यानं नदीकडची बांधबंदिस्ती दावली. आपल्या बापाला कुणी जीव लावला तर माणसाला आनंद व्हावा, हे पृथ्वीराजला कळत होतं. कळत होतं म्हणून तो अधिकच जळत होता. दवाखान्यात आबांच्या उशाला रात्रंदिवस कोण बसलं होतं? घास कुणी भरवला? अंग कुणी पुसलं? आणि आता तोंडात नाव कुणाचं, तर सत्याचं.

त्यात गेल्या वर्षीचा नारळ त्याला फार लागला होता. उसाला पहिला कोयता लावायच्या दिवशी त्यांच्या भावकीत घरातला कर्ता माणूस नदीकडच्या कोपऱ्यात जातो, नारळ फोडतो आणि पहिला ऊस स्वतः तोडतो. त्यानंतरच तोडकरी फडात उतरतात. गेल्या वर्षी आबा दवाखान्यात होते, पृथ्वीराज त्यांच्यापाशी होता, आणि नारळ फोडला सत्याने. यंदा आबा जाणार होते. सगळी भावकी बांधावर असणार, आणि तिच्या देखत आबा पुतण्याच्या गाडीवरून उतरणार, हे चित्र पृथ्वीराजच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. म्हणून ही गाडी.

रशीदने आधी त्याला लहान गाडी दाखवली होती.

“नदीकाठाला हलकी गाडी बरी, भाऊ. जड गाडी काळ्या मातीत बसती. आन् आबांना चढायला बी ही बुटकी सोपी.”

“सत्याची केवढी हाय?”

“हिच्याएवढीच.”

“मग मोठी दाखव.”

मोठी आली. तिची चाकं बदलून आणखी मोठी झाली, त्यासाठी स्प्रिंगा उंच झाल्या, पुढे लोखंडी गार्ड आला, गाडी रुतली तर ओढून काढायला तारेची चरखी आली. घरी नीलमने फोटो पाहिला आणि नवऱ्याला विचारलं, “गाडी आबांसाठी घेताय का सत्याभावजींसाठी?” त्यावर तो दोन दिवस तिच्याशी नीट बोलला नाही.

आता रशीद सीटचे बोल्ट आवळत होता. मध्येच थांबून म्हणाला,

“एकदा आबांना हितं आणून बसवून बघितलं असतं. न्हाईतर सत्यजीतला तरी इचारा.”

“त्याला काय इचारायचं?”

“तसं न्हाई. रोज त्यो असतोय त्यांच्यासंगं, म्हणून म्हणलं.”

पृथ्वीराजच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “बाप माझा हाय, रशीदभाई.”

रशीदने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. काहीतरी बोलायला उघडलेलं तोंड त्याने मिटलं आणि पुन्हा पान्याकडे हात नेला.

नारळाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, पृथ्वीराजने गाडी टेम्पोतून आणून गावाच्या वेशीबाहेर उतरवली आणि चालवत घरी नेली. आई, साखरबाई, अंगणात शेंगा निवडत होती.

“आबा कुठायत?”

“रानात. सत्यासंगं.”

“सकाळी जात्यात न्हवं?”

“हल्ली दोन्ही येळंला जात्यात. चैन पडत न्हाई त्यांना.”

दोन्ही वेळेला. पृथ्वीराजने शेंगांच्या ढिगाकडे पाहिलं, आणि आई केवढ्याची गाडी म्हणून विचारत असतानाच ती तशीच नदीकडे वळवली. रानातच गाठायचं, सत्याच्या गाडीवरून उतरवून आपल्या गाडीवर बसवायचं आणि सत्याच्या देखत घरी आणायचं, असं त्याने वाटेत ठरवूनही टाकलं.

पाटाच्या अलीकडे त्याला सत्याच्या इंजिनाचा आवाज आला आणि लगेच बंद पडला. पृथ्वीराजने आपलीही गाडी बंद केली. उसाच्या कडेने चार पावलं पुढे जाऊन त्याने पाचट बाजूला सारलं.

कांदा काढलेल्या मोकळ्या रानात ती बुटकी गाडी उभी होती. सत्यजीत तिच्यापासून लांब, जमिनीवर उभा होता. गाडीवर आबा होते. एकटे, पुढच्या सीटवर.

त्यांचा उजवा हात हँडलवर नुसता ठेवलेला होता. डाव्या हाताने ते गाडी सुरू करत होते. ती धडधडली. वेग द्यायची अंगठ्याखालची खटकी सगळ्या गाड्यांना उजवीकडे असते. या गाडीला ती मुद्दाम डावीकडे बसवून घेतलेली होती. आबांनी ती दाबली, गाडी बेडकासारखी उडी मारून पुढे गेली आणि थांबली. पुन्हा एक उडी. मग नीट चालायला लागली, आणि वळताना आबांचा तोल गेला. ते एका अंगावर कलंडले, गाडीवरून घसरले आणि ढेकळांत बसले. पृथ्वीराजचा पाय पुढे पडला. पण आबा हसत होते. धोतराला माती, टोपी पडलेली, आणि तोंड उघडं टाकून हसत होते. दवाखान्यापासून हे हसू त्याने ऐकलं नव्हतं.

सत्यजीतही हसत आला आणि त्यांना हात दिला.

“वळताना आंग आत टाका म्हणून किती डाव सांगितलं, आबा.”

“सांगतोस काय, म्हातारं झाल्यावर कळंल तुला. चल, पुन्हा.”

“जमतंय की आता. उद्या पृथ्वीदादाच्या म्होरं चालवा. त्याला बी बघू द्या.”

आबांनी टोपी झटकली. हसू ओसरलं होतं.

“नगं. त्याच्या म्होरं न्हाई. दवाखान्यात त्यानं मला लई बघितलंय, सत्या. घाण काढली, मुतापासनं सगळं केलं पोरानं. आता त्याच्या म्होरं पुन्हा न्हाई पडायचं मला. तुझ्या म्होरं पडलो, तर चालतंय.”

सत्यजीतने गाडी सरळ करून दिली.

पृथ्वीराज मागे सरला. गाडी सुरू केली असती तर आवाज गेला असता, म्हणून त्याने ती न्यूट्रलला टाकली आणि ढकलायला लागला. स्वतःच निवडलेलं ते धूड चिखलातून हलेना. त्याने खांदा लावला. पाठीवरून घाम वाहत होता, बूट मातीने जडशीळ झाले होते, आणि मनातल्या मनात तो रशीदला, गाडीला आणि स्वतःला शिव्या देत होता. डोळे कशाने चुरचुरतात ते त्याला कळत नव्हतं. सत्याचा राग गेला होता असं मुळीच नाही. उलट जळायला आता खरं कारण मिळालं होतं. आबा ज्याच्यापुढे पडू शकत होते तो सत्या होता, आणि ती जागा कुठल्या गॅरेजात बांधून मिळत नाही.

संध्याकाळी आबा घरी आले तेव्हा नवी गाडी अंगणात उभी होती. त्यांनी तिच्याभोवती काठी टेकत फेरी मारली. मागच्या सीटवर डावा हात फिरवला.

“माझ्यासाठी?”

“व्हय, आबा.”

आबांच्या हाताला पट्टा लागला. त्यांनी तो उचलून पाहिला आणि हळूच जागच्या जागी ठेवला.

“आज कसं झालं रानात?” पृथ्वीराजने विचारलं.

“काय न्हाई. सत्यानं फिरवून आणलं.” मग पोराच्या तोंडाकडे बघत ते म्हणाले, “चांगली घेतलीस. उद्या हिच्यावरच जाऊ.”

हेच ऐकायला त्याने एवढा खटाटोप केला होता.

सकाळी आबा पांढरंशुभ्र धोतर आणि फेटा बांधून बाहेर आले. पिशवीत नारळ, कोयता, हळदकुंकू. सत्यजीत आपली गाडी घेऊन दारात आला होता, पण नवी गाडी पाहून तो फाटकापाशीच थांबला.

“दादा, गाडी जोरात हाय,” तो म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला, याचाच पृथ्वीराजला राग आला.

साखरबाईने चढायला स्टूल आणून ठेवलं आणि ती ओवाळायचं ताट आणायला आत गेली. आबांनी स्टुलावर एक पाय ठेवला. मग त्यांनी त्या सीटकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं. लग्नात नको त्या माणसाशेजारी बसायला सांगितल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा झाला. तरी ते दुसरा पाय उचलायला लागले.

पृथ्वीराज पुढे बसला होता. हँडलवर इंजिन बंद करायचं लाल बटण असतं. त्याने ते अंगठ्याने आत दाबलं, दाबून ठेवलं, आणि स्टार्टर मारला.

इंजिन घरघरलं. पेटलं नाही. पुन्हा मारला. पुन्हा घरघर.

“काय झालं रे?” आबांनी विचारलं.

“काय की. काल तर चालत हुती.”

“रशीदला फोन लाव.”

“फोनवर काय कळणार त्याला? बांधावर माणसं खोळंबली असतील. आबा, तुम्ही सत्याच्या गाडीवर व्हा म्होरं. मी करून येतो मागनं.”

सत्यजीत मदतीला पुढे आला आणि हँडलवर वाकला. त्याची नजर लाल बटणावर गेली. त्याने ते सोडवायला हात नेला, पण पृथ्वीराजचा अंगठा तिथून हलला नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सत्यजीतने हात मागे घेतला.

“प्लगचं काहीतरी असंल,” तो म्हणाला.

“असंल. जावा तुम्ही.”

आबा अजून स्टुलापाशी उभे होते. “किती येळ लागंल तुला, पृथ्वी?”

“लागंल बराच. हितंच हाय मी, डोकं घालून.”

तो खाली उतरला, हत्यारांची पेटी उघडली आणि फाटकाकडे पाठ करून इंजिनापुढे उकिडवा बसला. मागे काठी टेकल्याचा आवाज गेला. मग गाडीची स्प्रिंग एकदा वाजली, थोड्या वेळाने पुन्हा एकदा. पुढे कोण बसलं आणि मागे कोण, ते बघायला त्याने मान वळवली नाही. इंजिन सुरू झालं. गाडीने एक उडी मारली, थांबली. मग दुसरी. पृथ्वीराजच्या मुठीत पाना आवळला गेला. तिसरी उडी आलीच नाही. आवाज सरळ झाला आणि फाटकातून बाहेर पडून नदीच्या वाटेला लागला.

साखरबाई ताट घेऊन ओसरीवर आली आणि तिथेच थबकली.

“आगं बया! आरं पृथ्वी, मागं बघ. म्होरं तर—”

“बघू नगंस, आई,” पृथ्वीराज इंजिनाकडे तोंड करून म्हणाला. “आन् मी बघितलं, असं बी त्यांना सांगू नगंस.”

ती ताट धरून उभी राहिली. आवाज पाटापलीकडे जाईपर्यंत तो तसाच बसून होता. मग त्याने पाना पेटीत ठेवला, उठला आणि पायीच नदीकडे निघाला.