लॉटीचे सहा रविवार

आपल्या बायकोचा, लॉटीचा खेळ पुसून टाकलाय हे फ्लोरियन गोर्स्कीला कळलं, त्या मंगळवारी तिला जाऊन सात आठवडे झाले होते. बफलोच्या टीव्ही स्टेशनवर तो टोपी हातात घेऊन उभा होता. टेबलामागचा टायवाला तरुण वही चाळत होता.

"त्रेसष्ट सालचं बायकांचं बोलिंग ना? नाही हो काका. त्या टेपांवर नंतर कुस्त्या घेतल्या."

"म्हणजे?"

"जुनं पुसलं, त्यावरच नवं घेतलं. टेप महाग असते. सगळेच करतात."

"ती लागोपाठ सहा रविवार जिंकली होती."

"असेल ना. मी कुठे नाही म्हणतोय?"

त्याच्या पाठीमागे कपाटात पत्र्याचे गोल डबे ओळीने लावले होते. प्रत्येकावर फुटबॉलच्या सामन्याची तारीख.

"हे बरे जपलेत," फ्लोरियन म्हणाला.

"तो फुटबॉल आहे, काका."

फ्लोरियनने टोपी डोक्यावर घातली आणि तो बाहेर पडला. तिथे आणखी थांबला असता तर त्याने ते डबे खाली ओढले असते.

लॉटी दिवसभर कारखान्यात उभी राहून सॉसेज भरायची आणि संध्याकाळी बोलिंग खेळायची, जड चेंडू घरंगळत सोडून टोकाच्या लाकडी पिना पाडायची. तिचा कार्यक्रम रविवारी दुपारी लागायचा, तेव्हा फ्लोरियन पोलादाच्या भट्टीवर असायचा. पाळी बदलून मागता आली असती. त्याने मागितली नाही. "असू दे रे," ती म्हणायची, "ते जपून ठेवतात. रिटायर झालास की सगळं एकदम बघ आणि मग काढ चुका." तो रिटायर झाला आणि दोन महिन्यांत ती गेली. तिला खेळताना त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

तो तडक स्टॅश पिएत्र्झाकच्या बोलिंगच्या हॉलमध्ये गेला. भिंतीवर विजेत्यांच्या दोन पाट्या होत्या. पुरुषांच्या पाटीवर पुरुषांची नावं. बायकांच्या पाटीवर, त्रेसष्टसमोर: मिसेस फ्लोरियन गोर्स्की. याच पाटीखाली त्याने कितीदा ऐटीत बीअर प्यायली होती.

"स्टॅश, हा फ्लोरियन कधी जिंकला रे?"

"तू? तुझा चेंडू तर दर वेळी बाजूच्या नालीत जातो!"

"मग माझं नाव तिथे कशाला?"

"अरे, बायकांची नावं अशीच लिहितात. पेपरातही तसंच येतं."

तेही खरं होतं. मयताच्या बातमीत फ्लोरियनने स्वतःच तसं लिहून दिलं होतं. त्यामुळे तो आणखीच भडकला.

"ते पुस. लॉटीचं पूर्ण नाव लिही, लिओकाडिया गोर्स्की."

"एकीचं बदललं तर बाकीच्या अकरा जणी येतील."

"येऊ देत. सगळ्यांची बदल."

"त्यांचे नवरे माझी गिऱ्हाइकं आहेत, बाबा. बस, बीअर घे. तू दुःखात आहेस."

"दुःखात आहेच. पण आत्ता मला राग आलाय. बीअर तूच पी."

स्टॅशने मे महिन्यातल्या बोलिंग लीगच्या बैठकीत विषय काढतो असं सांगितलं. बैठकीला फ्लोरियन स्वतः गेला. आठ पुरुष टेबलाभोवती बसले होते. नव्या शर्टांचा रंग ठरवण्यात त्यांनी तास घालवला आणि पाटीचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. त्या अकरा जणींपैकी चौघींनी पाटीवरची नावं बदलण्याच्या त्याच्या अर्जावर सही केली आहे. सात जणींकडे त्याला अजून जायचं आहे, आणि पाटीवर लॉटीचं नाव अजून लिहायचं आहे.