मिठामागून पाणी

तानाजीनं धाकट्या भावाच्या मनगटाला काथ्याचा तिसरा वेढा घातला, गुडघा बाजेच्या कडेवर रोवला आणि दोर खेचला. धाकूच्या तोंडून आवाज निघाला नाही. ओठ मात्र हलले. ते काय मागताहेत हे घरात सगळ्यांना कळत होतं, म्हणून कुणी तिकडे पाहत नव्हतं.

"पानी मागतंय," धाकूची बायको रखमा म्हणाली.

"तो नाय मागत. त्याच्या आंगातली जरीमरी मागते," तानाजी म्हणाला. "तिला पाजलंस का ती घरातना हलायची नाय."

ठाण्याच्या खाडीला लागून वसलेली पंचवीस घरांची ती वाडी. सगळी माणसं मिठागरावर राबणारी. अठराशे सत्त्याहत्तरच्या वैशाखात तिथं पटकी शिरली आणि आठ दिवसांत अकरा माणसं उचलून घेऊन गेली. अंगातलं पाणी दोन्ही वाटांनी वाहून जायचं, सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी चिपाड होऊन पडायचा. नाथा भगतानं दोन आज्ञा फर्मावल्या होत्या. रोग्याला पाणी नाही, आणि रोग्याच्या घरात मिठाचा खडा नाही.

पाण्याची आज्ञा त्या काळी भलेभले वैद्यही देत, तेव्हा एकट्या नाथाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मिठाची अक्कल मात्र ह्या वाडीची स्वतःची. मीठ पाणी खेचून काढतं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मिठात घातलेली मासळी सुकते, कैरीला पाणी सुटतं, जळवेवर चिमूटभर टाकलं तर तिचं पाणी पाणी होतं. आगरात उभं राहून त्यांच्या टाचांना भेगा पडत त्या मिठानंच. मग ज्याचं पाणी आधीच चाललंय त्याच्याजवळ मीठ ठेवायचं? हाताच्या काकणाला आरसा कशाला? भगत घरोघरी गेला आणि मिठाची मडकी उचलून खाडीत रिती करून आला.

आणि तानाजी वाडीतला सगळ्यांत दांडगा गडी, म्हणून रोग्याला बांधायचं काम त्याच्याकडे आलं. तहानेनं पिसाळलेली माणसं रांजणाकडे सरपटत जात, त्यांना धरायला ताकद लागायची. परवा त्यानं स्वतःच्या आईला बांधलं होतं. म्हातारी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत त्याचं नाव घेऊन पाणी मागत राहिली. तो तिचे हात धरून बसला होता. ती गेल्यावरही बराच वेळ त्यानं ते सोडले नव्हते.

बाजेपाशी उभ्या असलेल्या भगतानं पटकीवर डाग द्यायला चुलीतून लाल झालेला विळा काढला. तानाजीनं धाकूचा पाय घोट्याशी दाबला. टाचेवर विळा टेकताच चर्र झालं, घरभर घाण सुटली, आणि धाकूचा पाय हललासुद्धा नाही. डागल्यावर ओरडतो तो माणूस जिवंत असतो. हा ओरडला नाही.

बाहेरून वाडीतल्या सहदेवाची हाक आली. त्याच्या बायकोलाही जुलाब-ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या. तानाजी काथ्याची गुंडी उचलून निघाला आणि त्याच्यामागून विळा घेऊन भगत.

त्यांची पाठ वळताच रखमानं रांजणातून तांब्या बुडवला. धाकू घटाघटा प्यायला, दुसरा तांब्याही प्यायला. ती देवाचं नाव घेते न घेते तोच सगळं बाहेर आलं. वरून आलं, खालून आलं, होतं त्याहून जास्त गेलं. त्याचे डोळे आणखी आत ओढले गेले.

तानाजी परत आला तेव्हा जमीन ओली होती. त्यानं तिचा अंबाडा धरला आणि तिचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा, दोनदा. दात तुटून तिच्या जिभेवर आला.

"मी आयला नाय दिलं," तो म्हणाला. आवाज अगदी हळू होता. "सख्ख्या आयला नाय दिलं. नि तू याला पाजतंस?"

तिला तिथंच टाकून तो पुन्हा सहदेवाकडे गेला.

रखमा रक्त थुंकली आणि बाजेला टेकली. धाकूचा बांधलेला हात तिच्या डोळ्यांसमोर लोंबत होता. बोटांची कातडी सुरकुतून गेली होती, मिठात घातलेल्या बोंबलासारखी. ती आठ वर्षं डोक्यावर मीठ वाहत होती, बोंबील सुकताना तिनं हजारदा पाहिले होते. पण बोंबलातलं पाणी जातं कुठं हे तिनं कधी मनाशी विचारलं नव्हतं. ते मिठाकडे जातं. मीठ बाहेर असतं म्हणून पाणी बाहेर येतं. मग मीठ आत गेलं तर?

तिचं माहेर मोहन्याचं, गोड्या पाण्याच्या नदीकाठचं, भातशेतीचं. तिथं कुणी आजारी पडलं की भाताची पेज करत आणि तिच्यात मीठ घालत. इथं सासरी तिनं एकदा तसं सुचवलं तेव्हा मिठागरातली माणसं हसली होती.

तांदूळ होते. ते तिनं मऊ होऊन विरघळेपर्यंत शिजवले आणि भरपूर पाणी घालून पातळ केले. मीठ मात्र घरात नव्हतं, भगत कुणाचं मडकं विसरला नव्हता. मग तिचं लक्ष स्वतःच्या पदराकडे गेलं. टोपल्या वाहून वाहून तो पांढरा, ताठ झाला होता. तिनं पदराचं टोक पेजेत बुचकळलं, पिळलं, आणि चव घेतली. डोळ्यातल्या पाण्याइतकी खारट लागली तेव्हा थांबली.

दाराला आतून पाटा लावला. धाकूचे दोर सोडले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि करवंटीनं घोट घोट घालायला लागली. पहिले चार घोट त्यानं ओकले. तिनं पाचवा घातला. तोही अर्धा बाहेर आला. तिनं सहावा घातला.

त्या घोटाचं आत काय होत होतं हे शोधायला शिकल्यासवरल्या लोकांना पुढं जवळजवळ शंभर वर्षं लागली. आतड्याच्या आतल्या पेशींना इतका बारीक पडदा असतो, आणि त्या पडद्याला इतकी नेमकी दारं असतात, की पटकीनं बाकीचे रस्ते उलटे फिरवले तरी एक दार चालू राहतं. त्या दारातून मीठ एकटं जात नाही. धान्यातली साखर त्याच्यासोबत असली की दोघं मिळून आत जातात, आणि मिठाच्या मागून पाणी जातं. नुसतं पाणी पाजून धाकू रिता झाला तो ह्याचसाठी. रखमाला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला इतकंच दिसत होतं, की आता दहातले सात घोट आत राहताहेत.

उन्हं कलली तेव्हा दार हादरलं.

"रखमे, दार उघर!"

तिनं उघडलं नाही. तानाजीनं बाहेरचं मुसळ घेतलं आणि दाराची फळी फोडली. आत येऊन त्यानं मांडीवरचं डोकं, करवंटी, पेजेचं भांडं पाहिलं. भगतानं मागून भांड्यात बोट घालून चाखलं आणि तो किंचाळला, "मीट घातलंन! मारलान तुज्या भावाला!"

मुसळ तिच्या उजव्या हातावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज तिनं ऐकला. करवंटी तिनं डाव्या हातात घेतली. दुसरा घाव खांद्यावर आला तरी ती बाजेवरून उठली नाही, धाकूवर वाकून राहिली. भगत भांडं लाथाडायला पुढं सरसावला, तेव्हा तिनं त्याच्या पोटरीचा लचका तोडला. त्यानं विळा उगारला.

"दादूस," बाजेवरून आवाज आला. "नको मारू तिला."

घोगरा, फाटका, पण आवाज होता. धाकू सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. तानाजीचा हात तसाच वर राहिला. मग त्यानं भगताच्या हातातला विळा काढून घेतला, त्याला गळ्याला धरून दाराबाहेर ढकललं, आणि स्वतः उंबऱ्यावर येऊन बसला. तिला पाज म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. रखमा डाव्या हातानं पेज घालत राहिली. बाजेपासून हलायची तिला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच धाकूला लघवीला लागली. दोन दिवसांत पहिल्यांदा. तानाजीनं त्याला काखेत धरून कुडापाशी उभं केलं. थोडीच झाली, गडद पिवळी, पण झाली. रखमा ती धार पाहत रडली. एवढ्याशा गोष्टीला कुणी रडत नाही, पण त्या वाडीत अकरा माणसं ती न होता गेली होती.

तानाजीनं भावाला परत बाजेवर निजवलं. मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "आयला दिली असती तर?"

त्याच्या हातून मोडलेला हात तिनं लुगड्याच्या चिंधीनं छातीशी बांधला होता, आणि तोंड सुजून डोळा मिटला होता. घाव घालायचा तर आता तिची पाळी होती. 'वाचली असती' हे शब्दही तयार होते.

"मना नाय ठावं, भावजी," ती म्हणाली. "तिचं वय झालतं."

तिनं त्याला दोष दिला नव्हता आणि दोषातून सोडवलंही नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. मग तो उठला.

"पेज हाय अजून?"

"हाय."

भांडं त्यानं घेतलं. ती त्याच्यामागून निघाली. सहदेवाच्या अंगणात चारपाच माणसं बसली होती. तानाजीला बघून ती उठली आणि बाजूला झाली. घरात सहदेव भिंतीला टेकून होता. त्याची बायको बाजेवर होती, मनगटं कडेला बांधलेली, मान एका अंगाला. ती आता काही मागत नव्हती.

रखमानं तिच्या नाकापाशी बोटं धरली आणि मागं घेतली.

तानाजीनं भांडं खाली ठेवलं आणि गाठीला हात घातला. त्याच्याच गाठी त्या. बाईनं दिवसभर हिसके देऊन देऊन घट्ट केलेल्या, कातडीत रुतलेल्या. नखांनी सुटेनात. सहदेवानं कोयता पुढं केला. तानाजीनं मानेनंच नको म्हटलं. तो गुडघ्यांवर बसला, खाली वाकला, आणि दातांनी एकेक पेड सोडवायला लागला. दोर निघाला तेव्हा हिरड्या फुटून त्याची दाढी रक्तानं भिजली होती. त्यानं तिचे दोन्ही हात उचलून तिच्या छातीवर ठेवले, आणि पायथ्याशी जाऊन पायांच्या गाठीला लागला.

शेजारच्या घरातून कुणीतरी पाणी मागत होतं. रखमानं डाव्या हातानं भांडं कमरेवर घेतलं आणि ती तिकडे निघाली.